एका झुडपाचा निरंक अहवाल

दुसऱ्याच्या झुडपावर फार प्रेम करू नये, हा धडा मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो, आणि तोही सासऱ्यांच्या झुडपावर.

आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, एका सकाळी पत्र्याचा डबा पोटाशी धरून फाटकात उभे राहिले. डब्यात गुडघ्याएवढं झुडूप होतं. सात काटकुळ्या फांद्या, राखाडी पानं, आणि खाली माती म्हणावी तर नुसता मुरूम. मी आपलं काळजीने विचारलं, "याला बरेच दिवस पाणी मिळालेलं दिसत नाही?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा त्यांनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं आणि नंतर मुलीला आत नेऊन "नक्की ना?" असं विचारलं होतं. ते मला बाहेर ऐकू आलं होतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली, पण असल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

अण्णांनी चाळीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांचं बोलणं अजूनही तासाला बसल्यासारखं ऐकावं लागतं. "हे झुडूप एकाच टेकडीवर होतं," ते म्हणाले. "ती टेकडी रस्त्यासाठी फोडली. त्याआधी रीतसर परवानगी काढून मी थोडी रोपं उचलली. आता एकेक ओळखीच्यांकडे ठेवतोय. सहा महिन्यांनी फुलायची वेळ येईल. फुललं तर बी धरेल, आणि बी धरलं तर पुन्हा कुठेतरी लावता येईल." नाही फुललं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. डब्यावरून त्यांनी उगीचच एकदा हात फिरवला. मग माझ्या हातात घडी घातलेला एक कागद दिला, "यात सगळं लिहिलंय, वाचा," म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघाले. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर आणखी डबे होते.

मी सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करतो. बावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही. त्यामुळे अण्णांचा कागद मी टेबलावर टाकून दिला नाही, ताबडतोब फाइलला लावला. इतका नीट लावला की संध्याकाळी तो कुणालाच सापडेना. 'झ'मध्ये नव्हता, 'स'मध्ये नव्हता, 'अ'मध्ये अण्णांची जुनी पत्रं होती.

"वाचला तरी होतात का?" बायकोने विचारलं.

"आधी नोंद, मग वाचन, अशी पद्धत असते," मी म्हणालो.

"मग आता अण्णांना फोन करा आणि विचारा."

हे मात्र मला जमण्यासारखं नव्हतं. ज्या माणसाने 'नक्की ना?' विचारलं, त्याला पहिल्याच दिवशी कागद हरवला म्हणून सांगायचं? त्यापेक्षा झुडूप आपल्या अक्कलहुशारीने वाढवलेलं काय वाईट? झुडपाला लागून लागून काय लागणार, पाणी! आणि पाणी घालायची शिस्त लावायची असेल तर वही लागते. वह्यांच्या बाबतीत मला कुणाला काही विचारावं लागत नाही.

मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, आई, बायको, मुलगी, मी, आणि शेवटी शेरा. पहिल्या पानावर आमच्या कचेरीतला नियम ठळक अक्षरांत लिहिला: 'कोणताही रकाना कोरा सोडू नये. काही नसल्यास निरंक असे लिहावे.' निरंक म्हणजे काही नाही. बाहेरच्या जगात काही नसलं की माणसं गप्प बसतात, आमच्याकडे काही नसलं तर तसं लिहून खाली सही करावी लागते. कल्पना अशी होती की रोज चौघांपैकी एकाने पाणी घालावं आणि बाकीच्या तिघांनी निरंक लिहावं.

कल्पनेत दोष नव्हता. दोष माणसांत होता. स्वतःच्या नावाखाली निरंक लिहायला घरातलं कुणी तयार होईना.

"सुनेच्या नावाखाली 'घातले' आणि माझ्या नावाखाली निरंक?" आई म्हणाली. "उद्या तिचे वडील वही बघतील. म्हणतील, म्हातारी नुसती बसून असते!"

"माझ्याच वडलांचं झाड आणि मीच निरंक?" बायको म्हणाली.

मुलगी दहावीला. ती म्हणाली, "बाबा, नावापुढे निरंक म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं." राहता राहिलो मी. वही माझी, नियम माझे, मी कसा मागे राहणार? तेव्हा झुडपाला दिवसातून चार वेळा पाणी मिळू लागलं. शेऱ्याच्या रकान्यात मी 'समाधानकारक' असं लिहीत होतो.

आमच्या भिंतीला भिंत लागून सूचनाकाका राहतात. ते निवृत्त इंजिनिअर. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं की समोरच्या माणसाच्या हातात जे काही असेल ते चुकीच्या पद्धतीने धरलेलं असतं. त्यांनी तिसऱ्या दिवशी झुडूप पाहिलं, चौथ्या दिवशी वही पाहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "माझाही रकाना पाडा. दुपारी तुमच्या आई झोपतात, बाकी कोणी घरी नसतं, ऊन भिंतीच्या बाजूने येतं. तांत्रिकदृष्ट्या ती जबाबदारी माझी होते." मी रकाना पाडला. समोरच्या गुलाबमावशींना हे कळलं. त्यांच्या गुलाबांना दोन वर्षं लागोपाठ बागस्पर्धेत बक्षीस मिळालंय, त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय गल्लीत गवतही उगवत नाही. त्या रागावल्या. "इंजिनिअरला रकाना आणि मला नाही?" मग वहीत नावांचा सहावा रकाना आला, आणि त्याबरोबर वापरलेली चहाची पत्ती, अंड्यांची टरफलं आणि गुलाबाचं दाणेदार खतही आलं. "मुरमात कुठे झाड जगतं?" म्हणून मावशींनी झुडपाला चांगल्या कुंडीत हलवून काळीभोर माती भरली. उन्हाचा त्रास नको म्हणून आईने आपली जुनी छत्री वर बांधली. इतकी बडदास्त आमच्या घरात कुणाच्या बाळंतपणातही झाली नव्हती.

गुलाबमावशीच एक दिवस सहज म्हणाल्या, "दुर्मीळ झाड घरी ठेवायला परवाना लागतो, माहीत आहे ना? अण्णांनी टेकडीवरून उचलायची परवानगी काढली असेल. पण घरी ठेवणाऱ्याने वेगळा काढायचा असतो." मला माहीत नव्हतं. रेकॉर्डमधल्या माणसाच्या घरात विनापरवाना झुडूप, या विचारानेच माझी भूक गेली.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी वनस्पती नोंदणीच्या कार्यालयात गेलो. बावीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. बाहेरून ती खिडकी किती लहान दिसते याची मला कल्पना नव्हती. अर्जात चौतीस रकाने होते. वनस्पतीचे नाव, वनस्पतीचे वय, वनस्पतीचा सध्याचा पत्ता, वनस्पतीचा कायमचा पत्ता. सध्याचा पत्ता मी आमचा लिहिला. कायमच्या पत्त्यापाशी हात थांबला. मग मी त्या टेकडीचं नाव लिहिलं.

खिडकीतल्या बाईंनी नकाशा काढून पाहिला. "अशी टेकडी नाही इथे."

"होती. फोडली."

"मग तो पत्ता चालणार नाही."

"म्हणून तर झाड आमच्याकडे आलंय, मॅडम."

"ते ठीक आहे, पण रकाना भरावा लागेल."

हे वाक्य मी स्वतः आजवर किती लोकांना ऐकवलंय याचा हिशेब लागणार नाही. मी खाली मान घालून 'निरंक' लिहिलं. ते लिहिताना मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. एका झाडाला राहायला जागा नाही, असं मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं.

अर्ज गेला आणि तिकडे झुडूप खंगायला लागलं. आधी पानं पिवळी पडली. सूचनाकाका म्हणाले, पाणी कमी पडतंय. सगळ्यांनी वाढवलं. मग पानं गळायला लागली. गुलाबमावशी म्हणाल्या, खत कमी पडतंय. तेही वाढवलं. तिसरा महिना संपता संपता सात फांद्यांवर एक पान उरलं. आई सकाळी उठल्या उठल्या आधी ते पान आहे का बघायची. एका सकाळी तेही नव्हतं. त्या दिवशी वहीत सगळे रकाने भरलेले होते, फक्त शेऱ्यापाशी मला 'समाधानकारक' लिहवेना.

त्याच दिवशी टपालाने कार्यालयाचं पत्र आलं. गुरुवारी अधिकारी पाहणीला येणार.

आता मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण अर्धी फाइल दाखवणं आमच्या तत्त्वात बसत नाही. मी नर्सरीत गेलो. कुंपणाला लावतात त्या साध्या झुडपांत राखाडी पानांचं, गुडघ्याएवढं एक शोधलं आणि आणून छत्रीखाली ठेवलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने मला अडवलं नाही. फक्त म्हणाली, "ते जुनं कचऱ्यात नका टाकू हं."

ते मी तसंही टाकलं नसतं. रेकॉर्डमध्ये कुठलीही वस्तू जतनाची मुदत संपल्याशिवाय नष्ट करत नाहीत. ओल्या काळ्या मातीतून ते वाळकं झुडूप उपटलं, पुन्हा त्याच पत्र्याच्या डब्यात त्याच मुरमात खोचलं आणि गुलाबमावशींची कुंडी त्यांना धुऊन परत केली. घराच्या मागे जुन्या फरश्यांचा आणि विटांच्या तुकड्यांचा ढीग आहे. त्यावर डबा ठेवला आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. माझ्याच्याने तिकडे बघवतही नव्हतं.

गुरुवारी अधिकारी आले. तरुण, घामाघूम आणि सभ्य गृहस्थ. त्यांनी कुंपणाच्या झुडपाची उंची मोजली, पानं मोजली, वही चाळली आणि म्हणाले, "अशी वही मी आजवर पाहिली नाही. साहेब, लोक दत्तक घेतात आणि विसरतात. तुम्ही आदर्श आहात." मग त्यांनी फांदीला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला आणि मला शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. एक खोटी नोंद, माझ्या नावावर, सरकारी दप्तरात कायमची! त्या दिवसापासून मला रेकॉर्ड रूममध्ये शिरताना चोरासारखं वाटू लागलं. वही बंद झाली. कुंपणाचं झुडूप काय, मनाला येईल तसं वाढत होतं. त्याची कुणी नोंद ठेवावी असं त्याला स्वतःलाही वाटत नसावं.

दोन-अडीच महिने असे गेले आणि एका शुक्रवारी अण्णांचा फोन आला. "रविवारी येतोय. फुलायची वेळ झाली."

बायको स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. "अण्णांना काय सांगायचं हो?" ती म्हणाली. "माझ्या आईच्या आजारपणानंतर इतक्या वर्षांनी ते कशात तरी जीव लावून फिरतायत. आणि ते आपण मारलं." ती 'तुम्ही' म्हणाली नाही, 'आपण' म्हणाली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी मी ते प्रमाणपत्र ठेवायला 'कायम जतन' असं लिहिलेली फाइल काढली. घराची कागदपत्रं, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, आणि त्याच्या पाठीमागे नीट भोक पाडून लावलेला अण्णांचा कागद. साहजिकच आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट मी आणखी कुठे लावणार होतो? त्यावर चारच ओळी होत्या. 'पाणी महिन्यातून एकदा. विसरलात तरी चालेल. खत नको, सावली नको, माती बदलू नका. बाकी काहीही करू नये, आणि हेच तुम्हाला अवघड जाईल.'

मी तो कागद दोनदा वाचला. मग फाइल मिटली आणि ठरवलं, की जे झालं ते अण्णांना समोरासमोर सांगायचं. पुन्हा 'नक्की ना?' विचारायचं तर विचारू देत.

रविवारी अण्णा आले. सहा महिन्यांत ते बरेच थकलेले दिसले. फाटक उघडून ते छत्रीपाशी आले, बिल्ला पाहिला, झुडूप पाहिलं. आई दारामागे, बायको आणि मुलगी पायरीवर, आणि मी पुढे, अशी आमची रांग लागली होती.

"अण्णा," मी म्हणालो, "हे ते नाही."

"ते मला रस्त्यावरूनच दिसलं," अण्णा म्हणाले.

"तुमचं झाड माझ्या हातून गेलं. कागद मी हरवला होता. विचारायची लाज वाटली म्हणून विचारलं नाही. घरातल्यांचा दोष नाही, वही मीच काढली होती."

अण्णा पायरीवर बसले. चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते तोच चष्मा पुन्हा पुसायला लागले, आणि बायको त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली. इतक्यात भिंतीवर सूचनाकाकांचं डोकं आलं.

"माफ करा, पाहुणे आलेत, तरी सांगतो. तुमच्या मागच्या ढिगाऱ्यावर काहीतरी झालंय. दोन दिवस मधमाश्या नुसत्या घोंगावतायत. माझ्या बाजूच्या खिडक्या उघडता येत नाहीत. तो कचरा हलवायला हवा!"

अण्णांनी मान वर केली. "कुठला ढिगारा?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उठून घराला वळसा घालून चालायला लागले. इतक्या चपळाईने ते चाललेले मी पाहिले नव्हते. आम्ही सगळे त्यांच्या मागून पळालो.

फरश्यांच्या ढिगावर पत्र्याचा डबा तसाच होता. सातही फांद्यांवर पान म्हणून नव्हतं, आणि देठापासून शेंड्यापर्यंत फुलंच फुलं होती. नखाएवढी, फिकट जांभळी, आणि त्यांना ओल्या पाटीसारखा वास येत होता. अण्णा त्या तुटक्या फरश्यांवर खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मग बायको रडली, मग आई, आणि सूचनाकाका भिंतीवरून म्हणाले, "अहो, हलवू नका मग. राहू द्या. खिडक्या काय, बंदही चालतात."

"फुलायच्या आधी हे सगळी पानं टाकतं," अण्णा थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाले. "पण तुमची पाण्यामुळे गळली. आणखी चार दिवस पाणी घातलं असतंत तर मुळं कुजली असती. कधी टाकलंत इथे?"

"अडीच महिन्यांपूर्वी, पाहणीला अधिकारी यायच्या आदल्या दिवशी."

"वेळेवर टाकलंत." मग त्यांनी माझा हात धरला. "जावईबापू, मी अकरा जणांना रोपं दिली. सगळी झाडांवर जीव टाकणारी माणसं, त्यातले दोघे माझेच विद्यार्थी, आता प्राध्यापक. तुमचं सोडून दहाही रोपं गेली. बारावं माझ्याकडे होतं. तेही पंधरा दिवसांपूर्वी गेलं. मी स्वतः रात्रंदिवस बसून होतो त्याच्यापाशी. म्हणून तर इथे यायला भीत होतो."

म्हणजे उरलेलं हे एवढंच, आमच्या फुटक्या फरश्यांवरचं! मीही त्यांच्या शेजारी बसलो. छातीवरून कुणीतरी कपाट उचलल्यासारखं हलकं वाटत होतं.

त्या बिल्ल्याचं काय झालं तेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर मला झोप लागायची नाही. सोमवारी मी कार्यालयात जाऊन नोंददुरुस्तीचा अर्ज दिला, सगळं खरं लिहून. त्या तरुण अधिकाऱ्यांनी तो वाचला, येऊन फुलं पाहिली, बराच वेळ डोकं खाजवलं आणि स्वतःच्या हाताने बिल्ला सोडून पत्र्याच्या डब्याला बांधला. दुरुस्तीचं कारण विचारणाऱ्या रकान्यात त्यांनी 'स्थलांतर, समोरून मागे' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. कुंपणाचं झुडूप आता गुलाबमावशींकडे आहे आणि खतावर दणकून वाढतंय.

अण्णा बी धरेपर्यंत आमच्याकडेच राहिले. रोज ढिगाऱ्यापासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसायचे आणि कुणी पाण्याचा तांब्या घेऊन तिकडे वळलं की नुसते खाकरायचे. जायच्या दिवशी बियांच्या पुड्या बांधून झाल्यावर ते म्हणाले, "ती वही दाखवा. त्या दहा जणांना पुन्हा बी द्यायचंय. काय केलंत ते दाखवायला हवं."

मी कानकोंडा होऊन वही आणली. पहिले तीन महिने त्यांनी भराभर उलटले. नावांचे सहा रकाने, काठोकाठ, सगळ्यांच्या सह्या. मग कोरी पानं लागली. एक, दोन, अशी आधीच आखून ठेवलेली अकरा पानं, ज्यांत मी तारखासुद्धा टाकल्या नव्हत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत असली पानं मी कुणाला दाखवली नव्हती.

"हे भरायचं राहिलं," मी पुटपुटलो.

"छे, छे," अण्णा म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, शेवटच्या कोऱ्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत 'निरंक' लिहिलं, खाली 'उत्तम' असं लिहिलं आणि सही केली. मग आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारून वही तिच्यापुढे धरली.

"बघ," ते म्हणाले. "तेव्हा उगीच विचारलं होतं मी."